इतिहास कागदामुळे बदलतो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात या सदरात बखर आणि पत्र यांतला फरक सांगितला होता. बखर घटना होऊन गेल्यावर, बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. पत्र मात्र घटना घडत असताना, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसताना लिहिलेलं असतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख एकच होता : आम्ही शाळेत शिकलो ते आता चूक कसं ठरतं, आणि ठरवतं कोण? त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्या एका उदाहरणात ही सगळी प्रक्रिया उघडी दिसते.

“माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत १९ फेब्रुवारीला शिवजयंती झाली. आमच्या चौकात नंतर तिथीप्रमाणे झाली. माझं माहेर बेळगावचं, तिथे वैशाखात चित्ररथ निघतात. ‘महाराज एकदाच जन्मले ना?’ असं ती विचारते. तिला काय सांगू?” – एक आई, अंबरनाथ

ताई, तिला आधी हे सांगा की हाच प्रश्न लोकमान्य टिळकांनाही पडला होता आणि त्यांनी त्यावर १९०० साली ‘केसरी’त लेख लिहिला होता.

अडचण अशी होती. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली, ती महाराजांच्या निधनानंतर वीसेक वर्षांच्या आतली. इतक्या जवळच्या माणसाच्या बखरीतही जन्मतिथी नाही. यात नवल वाटायला नको. शिवनेरीवर एका सरदाराच्या घरी मूल जन्मलं तेव्हा पुढे तो छत्रपती होणार हे कुणाला माहीत होतं? तिथी येतात त्या फार पुढच्या बखरींमध्ये, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मल्हार रामराव चिटणीसाची बखर १८११च्या सुमाराची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. तिच्या वळणाची शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी रूढ झाली. इंग्रजी तारखेनं तो ६ एप्रिल १६२७ येतो. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या इतिहासातही १६२७ हेच साल आहे. तिथून ते शाळेच्या पुस्तकांत गेलं आणि उत्सव सुरू झाला तोही त्याच तिथीला. टिळकांनी १९०० साली उपलब्ध साधनं ताडून पाहिली. हातात जे होतं त्यावरून त्यांचा कौल १५४९कडेच गेला.

मग एक कागद पुढे आला. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख म्हणजे कान्होजी जेध्यांचं घराणं. त्यांच्या घरी एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षवार टिपणं : अमुक शकात अमुक झालं, दोन ओळी, पुढचं वर्ष. वर्णन नाही, स्तुती नाही. तिची सुरुवात शके १५४० पासून होते आणि पहिल्या नोंदींतच दोहदला औरंगजेब जन्मला असं लिहिलेलं आहे. महाराजांचा जन्म तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी असा आहे. जेध्यांनी ती शकावली टिळकांकडे दिली आणि १९१६ साली ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापून आली. इथे मी वर्गात नेहमी थांबते. ज्यांनी स्वतः १५४९च्या बाजूनं लिहिलं होतं, त्यांच्याच हातून १५५१ सांगणारा कागद लोकांपुढे आला. टिळकांबद्दल मला अनेक गोष्टींसाठी आदर आहे. त्यात ही गोष्ट फार वर आहे.

एका कागदावर कुणी तिथी बदलत नाही, बदलूही नये. लोकांनी शंका घेतल्या, जोरदार वाद झाले. पण नंतर कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून बाहेर आलं. सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापलं. परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवी, त्यांच्या हयातीत लिहिणारा. त्यानंही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी दिली आहे, शिशिर ऋतू आणि रात्रीची वेळ सांगून. तिसरा पुरावा आला थेट जोधपूरहून, तिथल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातून. त्यातल्या महाराजांच्या कुंडलीतही हाच दिवस.

मुलीला नकाशा काढून दाखवा : कारी, तंजावर, जोधपूर. एक मावळातला देशमुख, एक संस्कृत कवी, एक राजस्थानी ज्योतिषी. तिघांची कामं वेगळी, तिघांच्या लिहिण्याची कारणं वेगळी, आणि दिवस एकच. पुराव्याचं वजन असं तयार होतं. शिवाय एक पडताळणी तिला स्वतःलाच करता येईल. त्या तिथीला वार शुक्रवार दिला आहे. ती तिथी जुन्या इंग्रजी पंचांगानं १९ फेब्रुवारी १६३० ला येते. लीप वर्षं आणि पुढच्या उत्तरात सांगितलेले दहा दिवस धरून मागे मोजत गेलं की त्या दिवशी खरंच शुक्रवार येतो. मी माझ्या मोडीच्या वर्गात येणाऱ्यांना हे गणित कागदावर करायला लावते. वार जुळतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी दरवर्षी पुन्हा शिकवायला तयार असते.

आता सरकारी बाजू थोडक्यात. १९६६ साली राज्य सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली. तरी वाद लगेच मिटला नाही. शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे शकावली छापून झाल्यावर आठ दशकं उलटून गेली होती. काही मंडळी तारखेनं साजरी करतात, काही फाल्गुन वद्य तृतीयेला. तुमच्या माहेरची वैशाखातली मिरवणूक त्याआधीपासून चालत आलेली आहे. बेळगावच्या मराठी माणसांनी ती ज्या निष्ठेनं जपली आहे, तिला चूक म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. उत्सव कधी करायचा हे लोक ठरवतील. जन्म कधी झाला हे मात्र पुराव्यानंच ठरेल.

आणि एवढ्यावर थांबू नका. “तीन वर्षांनी काय फरक पडतो?” असं मला अनेकदा विचारतात. फार पडतो. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव आणि जिजाबाईंचे भाऊ यांची निजामशाही दरबारात, दौलताबादला, जुलै १६२९ मध्ये हत्या झाली. जन्म १६२७चा धरला तर त्या वेळी शिवबा दोन वर्षांचा. जन्म फेब्रुवारी १६३०चा धरला तर माहेर असं एका दिवसात संपलं तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. लगेच १६३० ते १६३२चा दख्खनचा भयंकर दुष्काळ आला, म्हणजे महाराजांचं तान्हेपण त्या दुष्काळात गेलं. तिथी बदलली तेव्हा कॅलेंडरच्या एका चौकोनातला आकडा बदलला एवढंच झालं नाही. एका बाईच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण महिन्यांकडे आपण नव्यानं पाहू लागलो. मला स्वतःला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो, आणि पाठ्यपुस्तकांनी तो नीट सांगितलेला नाही याची खंत आहे.

“शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला असं आपण म्हणतो. एका लेखात १६ जून वाचलं. छपाईची चूक का?” – एक वाचक, मडगाव

चूक नाही. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत, आणि तुमच्या गोव्यात बसून हे समजायला सगळ्यात सोपं आहे.

युरोपात १५८२ साली पोपनं पंचांग सुधारलं आणि दहा दिवस गाळले. कॅथलिक पोर्तुगीजांनी ते लगेच मानलं, म्हणून गोव्याच्या कागदांत नवी तारीख असते. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत मानलंच नाही. त्यामुळे मुंबईकर इंग्रज आणि गोवेकर पोर्तुगीज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडायचं. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. त्याच्या नोंदी जुन्या पंचांगाच्या. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा दिवस त्याच्या हिशेबानं ६ जून आणि आजच्या पंचांगानं १६ जून. अफजलखानाच्या वधाचंही तसंच : १० नोव्हेंबर १६५९ जुन्या मोजणीनं, २० नोव्हेंबर नव्या. आणि त्याच न्यायानं जन्माची १९ फेब्रुवारी आजच्या पंचांगात १ मार्च होते.

मराठेशाहीवरच्या पुस्तकांत जुनी मोजणी वापरण्याचा प्रघात आहे. वाचताना एवढं पाहा की लेखकानं पोर्तुगीज कागद आणि इंग्रजी कागद शेजारी ठेवताना हे दहा दिवस लक्षात घेतले आहेत का. घेतले नसतील तर तो लेखक उत्तर आधी आणि पत्र नंतर अशी कथा रचून बसतो.

“आमच्या घरी लहानपणापासून ऐकलं की पानिपत भाऊसाहेबांच्या अहंकारामुळे बुडालं. आता नवीन पुस्तकं वेगळंच सांगतात. आजोबा खोटं सांगत होते काय?” – एक वाचक, इंदूर

आजोबा बखर सांगत होते. त्यांच्या वेळी तेच साधन सगळ्यांच्या हाती होतं.

१४ जानेवारी १७६१ नंतर महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी गेलं होतं. अशा वेळी लोकांना कारण हवं असतं, आणि मेलेला सेनापती उत्तर द्यायला येत नाही. भाऊसाहेबांची बखर, कैफियती म्हणजे मागाहून लिहिलेल्या हकिकती, शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं फारसीत लिहिलेली हकीकत या सगळ्यांतून एक चित्र तयार झालं : हट्टी भाऊ, न ऐकलेले सल्ले, दुखावलेले मल्हारराव होळकर आणि जाटांचा राजा सूरजमल. काशीराजाची हकीकत लवकर इंग्रजीत गेली, त्यामुळे इंग्रज लेखकांनीही तेच उचललं.

मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आले. त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली वाईहून काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली मूळ पत्रं आहेत. पत्रांतला भाऊ वेगळा आहे. तो उत्तरेतले मराठ्यांचे अधिकारी गोविंदपंत बुंदेले यांना पुन्हा पुन्हा लिहितो : पैका पाठवा, अंतर्वेदीतून (म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून) अब्दालीची रसद तोडा. त्याला गर्व होता की नव्हता हे मला माहीत नाही. त्याच्याकडे पैसा नव्हता हे मात्र पानापानावर दिसतं. अब्दालीनं ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेकडची वाट अडवली. पुढे डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले आणि उरलेली आशाही संपली. उपाशी फौज अखेर बाहेर पडून लढली. हे वाचल्यावर ‘अहंकार’ हा एक शब्द फारच अपुरा वाटू लागतो.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पुढचं पाऊल टाकलं. ते स्वतः रणभूमीवर जाऊन जमीन पाहून आले, पत्रं आणि भूगोल एकत्र ठेवले. त्यांचा पानिपतवरचा ग्रंथ १९४६ साली इंग्रजीत आला, नंतर मराठीत. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, काही व्यक्तींबद्दल ते फार कठोर आहेत. पण लढाई समजून घ्यायला ती जमीन पायाखालून घालावी लागते हे त्यांनी आपल्याला शिकवलं.

तुम्ही इंदूरचे, म्हणून मल्हाररावांचं एक सांगते. बखरीत ते भाऊला सावध करणारे अनुभवी पुरुष आहेत. नंतरच्या काही लेखकांनी त्यांना रणातून लवकर निघाल्याबद्दल आरोपी केलं. भाऊला निर्दोष दाखवण्यासाठी मल्हाररावांना दोषी ठरवायचं ही तीच जुनी सवय, फक्त माणूस बदलला. ज्या इतिहासकाराला पराभवासाठी एक गुन्हेगार लागतोच, त्याचं पुस्तक मी सावधपणे वाचते.

“संभाजी महाराज आमच्या तरुणपणी नाटकांत व्यसनी, उतावळे दाखवत. आता त्यांच्यात एकही दोष नव्हता असं सांगतात. दर वीस वर्षांनी इतिहासकार रंग बदलणार असतील तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?” – एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, तुमच्या रागाशी मी पूर्ण सहमत आहे.

जुनं चित्र कुठून आलं ते आधी पाहू. त्याचा मोठा आधार पुन्हा मल्हार रामराव चिटणीसाची बखर. या घराण्याचे मूळ पुरुष बाळाजी आवजी चिटणीस. १६८१ साली संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या संशयावरून त्यांना देहदंड झाला. त्या घराण्यातला माणूस १३० वर्षांनी बखर लिहितो. तो मुद्दाम खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलेलं दुःख त्याच्या शाईत आहे, हे लक्षात न घेता ती बखर वाचणं ही वाचकाची चूक. शंभर वर्षं आपण ती तशी वाचली आणि नाटककारांना आयता खलनायक मिळाला.

वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी दीर्घ अभ्यास करून १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं, तेव्हा हे बदललं. बखरीच्या पलीकडे जाऊन त्यांनी समकालीन कागद जमा केले. त्यांच्यानंतर डॉ. कमल गोखले यांनी तितक्याच चिकाटीनं काम केलं. गोव्याच्या दप्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद वाचून ठेवले होते, ते फार उपयोगी पडले. शत्रूचा कागद इथे मोलाचा ठरतो. १६८३च्या अखेरीस संभाजी महाराज गोव्याच्या वेशीवर येऊन जुवे बेटावर उतरले तेव्हा व्हाइसरॉयनं सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड ठेवला. ज्याला व्यसनी आणि निष्क्रिय म्हणतात त्या राजाची एवढी धास्ती? त्याच काळात तो सिद्दीशी लढतोय, औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलाय, नाशिकजवळचा रामशेज किल्ला वर्षानुवर्षं झुंजतोय. ‘बुधभूषण’सारखा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे. जुनं चित्र या कागदांपुढे टिकत नाही.

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण तुमच्या पत्रातली तळमळ तीच आहे. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले. १६७९ मध्ये मोगलांनी भूपाळगड घेतला तेव्हा ते मोगली छावणीत होते. आणि १६८१चे देहदंड झालेच आहेत. बेंद्र्यांच्या आणि गोखल्यांच्या वाचकाला हे सगळं माहीत असतं, कारण त्यांनी ते लपवलं नाही. त्याची कारणं शोधली. एकवीस-बावीस वर्षांचा युवराज, घरातली गादीची धुसफूस, अष्टप्रधानांशी बेबनाव. जे आज ‘एकही दोष नव्हता’ म्हणतात त्यांनी नवा अभ्यास वाचलेला नाही. त्यांनी जुन्या नाटकातला खलनायक काढून तिथे देव बसवला आहे. दोन्हीकडे माणूस नाही. १६८९च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडले गेल्यापासून ११ मार्चपर्यंत त्या माणसानं जे सोसलं, ते सोसणारा माणूस होता म्हणून आपण आजही हलतो.

विश्वास कशावर ठेवायचा, या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. लेखकाचा निष्कर्ष बाजूला ठेवा आणि त्याला तीन गोष्टी विचारा. हा कागद कधीचा? लिहिणारा कोण, त्याचा त्यात काय संबंध? आणि याच घटनेबद्दल विरुद्ध बाजूचा माणूस काय लिहितो? या तिन्ही प्रश्नांना जो लेखक पानावर उत्तर देतो, त्याचा निष्कर्ष उद्या बदलला तरी त्याचं पुस्तक कामाचं राहतं. वर्गात मुलांना हे तीन प्रश्न विचारायला शिकवणारा शिक्षक मला इतिहासकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात उभे होतात.

“वडील गेल्यावर माळ्यावर एक पेटी उघडली. त्यात लाल कापडात बांधलेले मोडी कागद आहेत. काही कुरतडलेले, काही चिकटलेले. भाऊ म्हणतो टाकून दे. यात काही असेल का?” – एक वाचक, भोर तालुका

तुमच्या तालुक्याचं नाव वाचून माझा जीव वरखाली झाला, कारण जेधे शकावली तुमच्याच मुलखातली. भावाला आजच सांगा, काहीही टाकायचं नाही. कोकणातल्या एका घरी मी पोहोचले तेव्हा दप्तर बंब पेटवायला संपत आलं होतं. उरलेल्या मूठभर कागदांत एका गावाच्या महजराचं, म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याच्या कागदाचं, शेवटचं पान होतं. आधीची पानं गेली ती कायमची.

त्यात शकावली निघेलच असं मी म्हणणार नाही. बहुतेक घरांत निघतात ती गहाणखतं, वतनाचे कागद, निवाडपत्रं, जमाखर्च, कुंडल्या, कुळांच्या याद्या. तेही हवेच आहेत. सोन्याचा, मिठाचा, बैलाचा भाव, दुष्काळात कुणी किती धान्य उसनं दिलं, विधवेला वाटणी काय मिळाली हे राजांच्या पत्रांत सापडत नाही, ते तुमच्या जमाखर्चातच सापडतं. पुढची पिढी इतिहासाला जे नवे प्रश्न विचारणार आहे ते मुख्यतः याच गोष्टींचे असतील.

आता काय करायचं ते सांगते. पेटीतला क्रम मोडू नका. कोणता गठ्ठा कोणत्या गठ्ठ्याखाली होता हे वहीत लिहा, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच भानगडीचे असतात. चिकटलेली गुंडाळी ओढून उघडू नका, पाणी तर मुळीच लावू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन हे दोन्ही कागदाचे शत्रू आहेत. फाटलेला तुकडा कितीही लहान असो, ज्या कागदाजवळ मिळाला त्याच्याबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवा. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. मूळ कागदावर पेननं क्रमांक घालू नका. तो पाकिटावर घाला.

मग दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा. लांब कागद तुकडे जोडून केलेला असतो आणि त्या जोडावर पाठीमागे शिक्का किंवा खूण असू शकते. शेवटी ‘मोर्तब सूद’ असा लहान शिक्का दिसला तर मजकूर तिथे संपला असं समजा. त्याच्या पुढे काही लिहिलेलं असेल तर ते नंतरचं.

तारीख शोधताना गोंधळाल. शकाबरोबर बऱ्याचदा सुहूर सन (मृग नक्षत्राला सुरू होणारं जुनं वर्ष) असतो, तोही अरबी अंकशब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसलं तर घाबरू नका : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६० मधल्या मृगापासूनचं वर्ष मिळतं. पानिपत याच सालात झालं. असे शब्द तुमच्या कागदांत दिसले तर ते फोटो वेगळे काढून ठेवा.

वाचून घेण्यासाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, पुणे आणि कोल्हापूरचं पुराभिलेखागार या ठिकाणी मोडी जाणणारी माणसं भेटतात. कागद देऊन टाकायचे की फक्त फोटो द्यायचे हे घरात आधी ठरवा. दिले तर प्रत्येक कागदाची यादी आणि सहीची पावती घ्या. घरीच ठेवायचे असतील तर धुतलेल्या सुती रुमालात बांधून, जमिनीपासून वर, ओल आणि वाळवी पोहोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि पावसाळा सुरू होण्याआधी व संपल्यावर एकदा उघडून पाहा.

पहिले वीसेक फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेत तर मी आणि माझ्या वर्गातली मंडळी ते वाचून देऊ. कुरतडलेले कागद आधी पाठवा. त्यांना वेळ कमी आहे.